थोडे, पण रोजचे

गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या जंगलात मे महिन्याच्या अखेरीस गेले, तर बहुतेक ओढ्यांच्या पात्रांत केवळ गोटे आणि वाळलेला पाचोळा दिसतो. सागाची पाने गळून गेलेली असतात आणि जमीन तापून भेगाळलेली असते. अशा दिवसांत सांबर, चितळ, गवे आणि त्यांच्या मागावर असलेली रानकुत्री एकाच दिशेने वळतात. जेथे पाणी अजून टिकून आहे, ती त्यांची दिशा असते. या जंगलाच्या नावातच झिरा आहे. झिरा म्हणजे जमिनीच्या पोटातून थेंबाथेंबाने झिरपणारे पाणी. पावसाळ्यात ओढे दुथडी भरून वाहत असताना झिऱ्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. ओढे आटतात तेव्हा मात्र जीव वाचतात ते याच थोड्याशा, पण न थांबणाऱ्या पाण्यावर.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीत हे तत्त्व अगदी स्पष्टपणे आले आहे. अल्लाहला सर्वांत प्रिय कृत्य कोणते, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, जे नेहमी केले जाते ते, मग ते थोडे का असेना (बुखारी, मुस्लिम). प्रेषितांच्या (स.) उपासनेची रीत कशी होती, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले असता त्यांनी एक अरबी शब्द वापरला, 'दीमा'. दीमा म्हणजे गडगडाट न करता, संथपणे, सतत पडत राहणारा पाऊस. गोंदिया-भंडाऱ्याच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याला या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. एका रात्रीत कोसळलेला पाऊस बांधीची धुरे फोडून निघून जातो, तर संथ पाऊस मुळापर्यंत पोहोचतो.

आज या लेखात हे तत्त्व एका अशा विषयाला लावून पाहायचे आहे, ज्याला आपण धर्माबाहेरचा विषय समजतो. तो विषय म्हणजे रोजचा व्यायाम आणि त्यातून मनाला मिळणारी उमेद.

मन आधी की पाऊल आधी?

आपल्या वस्त्यांमध्ये आजकाल एक तक्रार सर्रास ऐकू येते, ती म्हणजे "मन लागत नाही." नमाजमध्ये मन लागत नाही, दुकानात लागत नाही, घरात लागत नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाईल, त्यामुळे फजरची नमाज हुकलेली, दिवसभर अंग जड, बोलण्यात चिडचिड आणि संध्याकाळी पुन्हा तीच खंत. अशा माणसाला कोणी थोडे चालण्याचा सल्ला दिला, तर तो सांगतो की मन ताजेतवाने झाले की चालायला सुरुवात करीन. म्हणजे तो मनाची वाट पाहत बसतो आणि मन त्याची वाट पाहत बसते.

या बाबतीत एक हदीस फार मार्गदर्शक आहे. माणूस झोपतो तेव्हा शैतान त्याच्या डोक्यामागे तीन गाठी मारतो. जागा होऊन त्याने अल्लाहचे स्मरण केले की पहिली गाठ सुटते, वुजू केली की दुसरी सुटते आणि नमाज अदा केली की तिसरी. मग त्याची सकाळ उत्साहाने व प्रसन्न मनाने होते. अन्यथा तो खिन्न व आळसावलेला उठतो (बुखारी, मुस्लिम). या हदीसमधील क्रम लक्षात घ्या. प्रसन्नता सर्वांत शेवटी आली आहे. तिच्याआधी अंथरूण सोडणे आहे, थंड पाण्याने हात-पाय धुणे आहे, उभे राहणे आणि वाकणे आहे. मन प्रसन्न झाल्यावर उठा, असे सांगितलेले नाही. उठा, म्हणजे मन प्रसन्न होईल, असा तो मार्ग आहे.

दिव्य कुरआनमध्ये हजरत याकूब (अ.) यांचा प्रसंग याच क्रमाची साक्ष देतो. पुत्रवियोगाने ज्यांचे डोळे पांढरे झाले, त्या वृद्ध पित्याने आपल्या मुलांना सांगितले की, जाऊन यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका (सूरह यूसुफ, आयत ८७). आधी निघण्याची आज्ञा आहे आणि तिच्यापाठोपाठ निराश न होण्याची. बसून राहणाऱ्याची आशा फार काळ जिवंत राहत नाही. आशेला चालते पाय लागतात.

जंगल कोणाला दिसते?

नागझिरा अभयारण्य १९७० साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर आहे. २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. येथे दोन प्रकारची माणसे येतात. पर्यटक वाहनात बसून येतो. त्याच्याकडे एक सकाळ असते आणि त्या सकाळी वाघ दिसावा अशी त्याची अपेक्षा असते. वाघ दिसला नाही, तर फेरी वाया गेली असे मानून तो परततो. दुसरा माणूस म्हणजे वनरक्षक. त्याला आपले नियतक्षेत्र पायी फिरावे लागते. ऊन असो, थंडी असो, काल काही दिसले असो वा नसो, आजची गस्त आजच घालायची असते. देशात दर चार वर्षांनी होणारी व्याघ्रगणनाही बरीचशी याच पायांवर उभी आहे. ठरलेल्या वाटांवर वारंवार चालायचे आणि पाऊलखुणा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे यांची नोंद करायची, हे काम अगोदर पायांचे आहे. कॅमेरे त्यानंतर येतात.

वाघ वनरक्षकालाही रोज दिसत नाही. मात्र त्याचा दिवस रिकामा जात नाही. काल नसलेला ठसा आज धुळीत उमटलेला असतो, पाणवठा बोटभर खाली गेलेला असतो, एखाद्या झाडाला नवी पालवी फुटलेली असते. रोज चालणाऱ्याला बदल दिसतो, कारण काल काय होते हे त्याला ठाऊक असते. पक्षी अभ्यासक किरण पुरंदरे यांनी या जंगलात ४०० दिवस मुक्काम केला आणि त्या अनुभवावर 'सखा नागझिरा' हे पुस्तक लिहिले. सखा हा शब्द एका फेरीत सुचत नाही. त्यासाठी त्याच वाटांवर सर्व ऋतूंमध्ये जावे लागते.

व्यायामाच्या बाबतीत आपण बहुधा पर्यटक असतो. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात किंवा डॉक्टरांनी धमकावल्यावर आपण एकाच दिवशी तासभर धावतो. चौथ्या दिवशी गुडघे दुखतात, आठव्या दिवशी वजनकाटा हलत नाही आणि आपण निराश होऊन घरी बसतो. आपल्याला वाघ हवा असतो. वनरक्षकाप्रमाणे जो निघतो, त्याला परिणामाची घाई नसते. त्याने आजची फेरी पूर्ण केली, एवढे त्याला पुरते. आणि मनाची खरी मशागत येथेच होते.

शरीर ही अमानत आहे

काही धर्मनिष्ठ बांधवांना वाटते की शरीराची निगा राखणे हा दुनियादारीचा विषय आहे. प्रेषितांच्या (स.) जीवनाकडे पाहिले तर हा गैरसमज टिकत नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दिवसभर रोजे ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे (बुखारी). सबळ श्रद्धावंत हा दुर्बल श्रद्धावंतापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय आहे, आणि भलाई मात्र दोघांतही आहे, असे त्यांनी शिकविले (मुस्लिम). त्याच हदीसमध्ये पुढे सांगितले आहे की, जे हिताचे आहे त्याची ओढ धरा, अल्लाहची मदत मागा आणि हातपाय गाळू नका.

ते स्वतः दर शनिवारी मदीन्याहून कुबाच्या मशिदीत जात, कधी पायी तर कधी वाहनावर (बुखारी). हे अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर त्यांनी धावण्याची शर्यत लावली. एकदा त्या जिंकल्या, पुढे काही काळाने ते जिंकले आणि त्या पराभवाची परतफेड झाली असे त्यांनी हसत सांगितले (अबू दाऊद). हिजरी सन ५ मध्ये मदीन्याभोवती खंदक खणला जात होता, तेव्हा ते स्वतः माती वाहत होते आणि त्यांच्या पोटावर धूळ साचली होती (बुखारी). त्यांच्या नित्याच्या दुआमध्ये चिंता आणि दुःख यांच्या शेजारीच असमर्थता आणि आळस यांपासूनही शरण मागितलेली आहे (बुखारी). मनाचे हे दोन रोग आणि शरीराचे हे दोन दोष एकाच दुआमध्ये एकत्र यावेत, यात विचार करणाऱ्यांसाठी मोठा संकेत आहे. ते एकमेकांना पोसतात.

कुरआनने तालूतच्या राजेपदाची पात्रता सांगताना ज्ञान आणि शरीर या दोन्ही बाबतींत त्याला विपुलता दिल्याचा उल्लेख केला आहे (सूरह अल-बकरा, आयत २४७). आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत बहुसंख्य लोक तोट्यात राहतात, असा इशाराही हदीसमध्ये आहे (बुखारी). तेव्हा शरीर ही आपली मालमत्ता नव्हे, ती अमानत आहे. ठेव परत करताना ती कशी वापरली याचा हिशेब द्यावा लागतो.

सातत्याने मनात काय घडते?

पहिली गोष्ट म्हणजे माणसाचा स्वतःवरचा विश्वास परत येतो. निराश माणसाने स्वतःला दिलेली अनेक वचने मोडलेली असतात. फजरनंतर पंधरा मिनिटे चालेन, हे छोटे वचन तो चाळीस दिवस पाळतो, तेव्हा आपण शब्दाचे पक्के होऊ शकतो हे त्याला कळते. मग कर्ज फेडण्याचे, तंबाखू सोडण्याचे, रुसलेल्या भावाशी बोलण्याचे वचनही त्याला अशक्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सब्रची शिकवण अंगात मुरते. चढावर दम लागतो आणि थोड्या वेळाने तो परत बसतो. अडचणीबरोबरच सुलभता आहे, हे सूरह अल-इन्शिराहमध्ये दोनदा सांगितले आहे. रोज चालणारा ते आपल्या श्वासात अनुभवतो. मग व्यवहारातील चढ आला की तो घाबरत नाही.

तिसरी गोष्ट कृतज्ञतेची आहे. माणसाच्या प्रत्येक सांध्यामागे दररोज सदका देय आहे, अशी शिकवण आहे (बुखारी, मुस्लिम). वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे आणि नमाजसाठी टाकलेले प्रत्येक पाऊल हाही सदकाच आहे. जो गुडघा मुकाट्याने काम करतो, त्याची आठवण आपल्याला तो दुखल्यावरच येते. रोज चालणाऱ्याला ती न दुखताही येते.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. नियमित शारीरिक हालचालीमुळे झोप सुधारते आणि चिंता व खिन्नतेची लक्षणे कमी होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, ही तिची शिफारस आहे. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ व्यक्तींच्या सवयींचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला त्यांत सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही, हेही त्यात आढळले. तौबाचे दार ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. चुकलेला दिवस हा थांबण्याचे कारण नसून पुन्हा निघण्याचे निमित्त आहे.

एक साधा अनुभव

या ओळी लिहिणाऱ्याला काही वर्षांपूर्वी साखरेचा आजार निघाला. त्या कागदाने मन असे खचले की घरात माझा आवाज चढू लागला आणि मुले माझ्यासमोर येणे टाळू लागली. मशीद घरापासून पायी बारा मिनिटांवर, पण मी मोटारसायकलने जात असे. एके दिवशी बनू सलमा या कबिल्याविषयीची हदीस वाचनात आली. ते मशिदीपासून दूर राहत आणि जवळ येऊन राहण्याचा त्यांचा विचार होता. प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्या घरीच राहण्यास सांगितले, कारण त्यांची पावले लिहिली जात होती (मुस्लिम). मला वाटले, माझी पावले तर मी स्वतःच खोडून टाकली आहेत.

दुसऱ्या दिवसापासून फजरला पायी निघालो. पहिले कित्येक दिवस मनात काहीही बदलले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाय दुखले आणि कुत्री भुंकली, एवढेच. दुसरा महिना संपत आला तेव्हा एका संध्याकाळी धाकटी मुलगी गृहपाठ घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. त्या वेळी लक्षात आले की कित्येक दिवसांत मी घरात ओरडलो नव्हतो. आजार गेलेला नाही, औषध चालू आहे. परंतु आजाराने माझ्या घरावर जो कब्जा केला होता, तो सुटला.

मर्यादा आणि जबाबदारी

येथे काही गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. व्यायाम हे साधन आहे. आरशासमोर स्वतःच्या बाहूंचे कौतुक करणे हा त्याचा हेतू झाला, तर त्याच कृत्यातून अहंकार वाढतो. पृथ्वीवर ताठ्याने चालू नका असे कुरआन बजावते (सूरह बनी इस्राईल, आयत ३७) आणि परमदयाळू अल्लाहचे दास नम्रतेने चालतात असे सांगते (सूरह अल-फुरकान, आयत ६३). नियत चांगली असेल तर तीच पावले इबादत होतात.

तसेच प्रत्येक खिन्नता चालण्याने दूर होत नाही. आठवडेच्या आठवडे झोप-भूक हरपली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार आहे आणि आजारावर उपचार करून घेणे ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अशा व्यक्तीला ईमान कमकुवत असल्याचा टोमणा मारणे हा अन्याय आहे. तिला डॉक्टरांकडे न्यावे आणि सोबत चालावे. वृद्ध, गर्भवती व हृदयरोगी यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच व्यायामाची मर्यादा ठरवावी.

आणि एक प्रश्न आपल्या सर्वांसाठी. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते आणि स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के. आपल्या मोहल्ल्यांत तर मुलींसाठी मैदान नाही आणि प्रौढ स्त्रीला निर्धास्तपणे चालता येईल असा रस्ताही नाही. घरकामातच तिचा व्यायाम होतो, असे सांगून आपण मोकळे होतो. हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी आहोत. मशिदीच्या समितीने, मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांनी शाळेचे पटांगण सकाळी तासभर स्त्रियांसाठी मिळवून दिले, पतीने पत्नीसोबत, मुलाने आईसोबत चालण्याचा नेम धरला, तर ही सुन्नतचीच जोपासना ठरेल.

सुरुवात लहान असावी. पाच नमाजांच्या वेळा ठरलेल्या आहेत, त्यांपैकी एका वेळेला चालणे जोडून द्यावे. जवळच्या मशिदीत पायी जावे आणि परतताना थोडी लांबची वाट घ्यावी. दहा मिनिटांनी सुरुवात करावी, पण ती दहा मिनिटे सोडू नयेत.

शेवटी त्या मातेची आठवण करू या, जिच्या पावलांना अल्लाहने हजचा भाग बनविले. निर्जन खोऱ्यात तहानेने तळमळणारे बाळ आणि हजरत हाजरा एकट्या. त्या सफा टेकडीवर चढल्या, कोणी दिसले नाही. खाली उतरून धावत मरवावर गेल्या, कोणी दिसले नाही. असे सात वेळा झाले. पहिल्या सहा फेऱ्यांत काहीही बदलले नव्हते, तरीही सातवी फेरी त्यांनी केली. मग पाणी मिळाले. ते सफावर नव्हते आणि मरवावरही नव्हते. त्या जेथे धावल्या तेथे ते नव्हतेच. ते बाळापाशी जमिनीतून वर आले आणि आजही आटलेले नाही. पाऊल टाकणे माणसाच्या हाती असते. झरा कोठे फुटावा, हे अल्लाहच्या हाती असते.

अल्लाह आपणा सर्वांना आरोग्याच्या अमानतीची जाण देवो, आळस आणि निराशा यांपासून आपले रक्षण करो, आपली थोडीशी, पण नित्याची कृत्ये स्वीकारो आणि आपल्या पावलांना भलाईच्या वाटेवर स्थिर ठेवो. आमीन.